कट्ट म्हणजे काय

पहिल्या वर्षी हाडं घरी न्यायला मिळतात,
अर्धा संच, बुटांच्या खोक्यात.
मेडिकल चौकातून गोळीबार चौकापर्यंत
मी तो मांडीवर धरून बसले.
कंडक्टर म्हणाला, सँडल का?
हाव, म्हटलं.

रात्री कूलरच्या घरघरीत
दोरीत ओवलेले चोवीस मणके
सतरंजीवर मांडले : सात, बारा, पाच.
नत्थूमामा दारातून वाकून म्हणाला,
“कोण होतं बाप्पा हे?”
वर्गात हे कोणी विचारलं नव्हतं.

मामा दिवसा मागावर, संध्याकाळी ओट्यावर.
लचक, उसण, आखडलेली मान,
सगळी तांडापेठ त्याच्याकडे येते.
तिळाचं तेल, पाठीत गुडघा, एक झटका.
कट्ट.
“बसलं जागेवर.”
पैसे घेत नाही. कोणी संत्री ठेवून जातं.

दुसऱ्या वर्षी किनखेडे मॅडम म्हणाल्या,
कट्ट म्हणजे हाड बसणं नव्हे.
सांध्याच्या पाण्यात वायूची पोकळी होते,
तिचा तो आवाज.
मी वहीत लिहिलं.
घरी सांगितलं नाही.

बोटांनी वाचायला शिकले रेणुका सहारेच्या पाठीवर.
मान खाली घाल, सगळ्यात वर आलेला तो सातवा,
तिथून मोजत उतरायचं.
तीनदा मोजलं, तीनदा वेगळा आकडा.
गुदगुल्या होतात गं, ती हसली.
चौथ्यांदा हसली नाही.
कमरेच्या डाव्या बाजूला एक वादी लागली, ताठ, दुखरी.
“इथं हंडा घेते मी,” ती म्हणाली.
“एप्रिलपासून टँकर सुरू होतो ना आमच्याकडे.”

मग तरफ.
पाठीचा स्नायू पाच सेंटीमीटरवरून ओढतो,
वजन असतं हातभर पुढे, पन्नासावर.
म्हणजे वीस किलोच्या रुळासाठी
दोनशे किलोची ओढ, शिवाय धडाचा भार वेगळा.
बाण काढला पट्टीने, टोक केलं,
आणि बाणाच्या टोकाशी
मामा दिसला, वाकलेला, सुताचा रूळ उचलताना.
ते पान मी अजून पूर्ण केलेलं नाही.

चालणंसुद्धा शिकवतात.
टाच, तळवा, अंगठ्याचा रेटा.
तेव्हापासून चौकात मला चेहरे दिसत नाहीत,
कंबरा दिसतात, कोणाची कुठे ढळते ते.
ओळखीच्या काकू रागावल्या,
पाहून न पाहिल्यासारखं करतेस म्हणून.

एका शनिवारी बुटीबोरीचा ट्रक ड्रायव्हर आला,
मान दोन्ही हातांनी धरून.
मामाने तेल घेतलं.
मी खोकं बाजूला ठेवलं आणि विचारलं,
बोटांना मुंग्या येतात?
येतात.
शर्टाचं बटण लावता येतं?
तो खाली बघू लागला.
“पंधरा दिवस झाले. बायको लावून देते.”
चालून दाखवा.
पाय फाकवून चालला,
जमीन आहे की नाही ते चाचपत.

“मामा, नको.”
ओट्यावर सात-आठ जण होते,
त्यात दोघं त्याच्या लहानपणचे.
मामाने हात वाटीवर धरला
आणि बोटांवरून तेल निथळू दिलं, पूर्ण,
शेवटचा थेंब पडेस्तोवर.
“मेडिकलले नेतो याले,” म्हणाला.
“ऑटो बोलाव.”

परतताना बोलला नाही.
रात्री जेवून सतरंजीवर येऊन बसला.
“दोन मणक्यांच्या मधात काय असते?”
चकती, मी म्हटलं.
कडेला पदरावर पदर, सगळे तिरपे,
एकातले धागे इकडे, पुढच्यातले तिकडे.
“असं?”
त्याने बोटं बोटांत अडकवली, पीळ दिला,
बघत राहिला.
“विणलंय म्हणजे. कोणत्या अंगानं फाटते, दाखव.”

ड्रायव्हरचं ऑपरेशन झालं. बटणं अजून जमत नाहीत सगळी.

ओटा सुरूच आहे. तेल आहे, कट्ट आहे.
फक्त मानेचा पेशंट आला की मामा
आधी त्याला सदऱ्याची बटणं
सगळी काढून परत लावायला लावतो,
स्वतः हाताची घडी घालून बघतो.
टी-शर्टवाल्यांसाठी
खिळ्याला एक जुना सदरा टांगलाय.